दोन्ही अर्थ

“नीलांबरीतला नी पहिला का दुसरा, बाई?” शिडीवर चढलेल्या बन्सी पेंटरनं मागं न वळताच विचारलं, आणि वर्गाकडे निघालेली नीलांबरी हजेरीपुस्तक छातीशी धरून जागच्या जागी थांबली. हॉलबाहेरच्या भिंतीवरचा जुना काळा फलक नव्या हेडमास्तरांनी उतरवून घासून घेतला होता आणि त्यावर शाळेच्या गुणवंतांची नावं आता सोनेरी रंगात लिहायची होती. “दुसरा,” ती म्हणाली. “आन् शेवटची री?” “तीही दुसरीच.” बन्सीनं ब्रशाचं टोक ओठांत धरून बारीक केलं. “आडनाव धर्माधिकारी. वळीत बसतंय का न्हाई कुनास ठाऊक. म्हनून वर जरा जास्तीची जागा सोडली. कोन व्हत्या ह्या? वारल्या का?” “का?” “न्हाई, फळीवर नाव येतं ते बहुतेक वारलेल्याचंच. म्हनून इचारलं.” “वारल्या नाहीत,” नीलांबरी म्हणाली, “इथंच असतात.” आणि ती पुढं निघाली. पण वार्निशाचा तो उग्र, गोडसर वास तिच्या पाठोपाठ व्हरांड्यातून आला आणि वर्गाच्या दारापाशी पोहोचली तरी तिला बन्सीनं सोडलेली ती रिकामी ओळच दिसत राहिली. तिच्या नावाच्या डोक्यावरची काळी, घासलेली, कोरी ओळ. त्या माणसानं ती उगाच सोडली होती, धर्माधिकारी मावावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. तरी नीलांबरीनं मनातल्या मनात तिथं दुसरंच एक नाव लिहून पाहिलं.

मुलं-मुली उभी राहिली, बसली. तिनं त्यांना कालचा धडा मनात वाचायला सांगितला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बी.ए. होऊन पुण्याहून परत आली आणि जूनपासून याच शाळेत संस्कृत शिकवायला लागली, तेव्हा आईला वाटलं होतं, पोरगी बापाच्या खुर्चीवर बसली. बापाची खुर्ची खरोखरच ही होती. विष्णुपंत धर्माधिकारी जन्मभर याच वर्गात, याच खिडकीकडे पाठ करून बसत. गेल्या साली ते गेले. त्यांच्या आयुष्यात तीन-चार गोष्टींनाच जागा होती आणि त्यांतली सगळ्यांत मोठी जागा एका स्कॉलरशिपनं अडवली होती. मॅट्रिकला संस्कृतात साऱ्या इलाख्यात जो पहिला येईल त्याला ती मिळायची. कराचीपासून धारवाडपर्यंतची हुशार पोरं तिच्यासाठी जीव टाकायची. पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या शाळांच्या भिंतींवर ती मिळवलेल्यांची नावं असत. नगरच्या या शाळेत ती कधी आली नव्हती. घरात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. विष्णुपंत, म्हणजे तिचे अण्णा, नुसतं ‘ती’ म्हणत. “यंदा ती सांगलीकडे गेली.” “ती काही आपल्या नशिबात नाही, सुनीती.” आणि आई पोळी लाटता लाटता म्हणे, “सवतीचं दुखणं आहे मेलं.” लहानपणी नीलांबरीला ‘ती’ म्हणजे खरंच कुणी बाई वाटायची. दर जूनमध्ये कुठल्यातरी परगावी उतरणारी, आणि आपलं घर टाळून जाणारी.

मग गोरक्ष आला. जामखेडकडचा, खर्ड्याचा. सातवीच्या परीक्षेत तालुक्यात पहिला आल्यावर त्याला कुणीतरी नगरच्या बोर्डिंगात आणून टाकलं होतं. शाळेत मुली अगदी थोड्या, पुढच्या दोन बाकांवर बसणाऱ्या. त्यामुळे नीलांबरीनं त्याला आधी ऐकलं, नंतर पाहिलं. मागून कुणीतरी एक मोठा समास उलगडून सांगत होतं, जोंधळ्याचं कणीस सोलावं तसं एकेक पान बाजूला करत, आणि सगळं बरोबर सांगत होतं. फक्त बाणाला बान म्हणत होतं. वर्ग हसला. अण्णा हसले नाहीत. “उद्या सकाळी माझ्या घरी ये,” ते म्हणाले, “दिल्ली दरवाजाच्या आत, दत्ताच्या देवळाशेजारी.” दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो ओट्यावर येऊन बसला होता, आणि अण्णा त्याला म्हणायला लावत होते, कण, क्षण, प्राण, त्राण. जीभ वर वळव. अजून वळव. आत चूल पेटवणारी आई म्हणाली, “हे काय आरंभलंय यांनी?” थोड्याच दिवसांत तो ण म्हणायला शिकला, आणि अण्णांच्या घरात बोलतात तसं आहे, होतं, आम्ही म्हणायलाही शिकला. पण रस्त्यात गाववाला भेटला की तो सहज पहिल्या बोलीवर जाई. घरात शिरताना चपला काढाव्यात तशी ती बोली तो ओट्याखाली काढून ठेवतो, असं नीलांबरीला वाटे, आणि का कोण जाणे, वाईट वाटे. आई त्याला वेगळ्या कपातून चहा द्यायची. तो कप बाहेरच्या कोनाड्यात असे आणि तो स्वतः धुऊन परत तिथं ठेवी. त्यानंही कधी काही दाखवलं नाही, आईनंही नाही. पुढच्या वर्षी एका सकाळी तो कप आतल्या कपांत विसळलेला नीलांबरीनं पाहिला. कधी आला, कुणी आणला, यावर घरात शब्द निघाला नाही.

अण्णांनी दोघांना बरोबर शिकवायला घेतलं. कोश एकच होता, जाडजूड, पाठीवर कापडाची पट्टी चिकटवलेला. तो मधे ठेवून दोघं समोरासमोर बसत, म्हणजे एकाला अक्षरं सरळ दिसत आणि एकाला उलटी. उलटी बाजू नेहमी गोरक्षच घेई. तो उलटं वाचायला शिकला. तिच्याआधी त्याचं वाचून होई, पण पान उलटायच्या आधी तो त्याच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून थांबे. तिचं होईपर्यंत. त्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं, सुट्टीत घरी मोटेवर काम करताना चेंगरलेलं, आणि महिन्यामहिन्यानं ते काळेपण थोडं थोडं पुढं सरकत होतं. एका वर्षाच्या अभ्यासातलं नीलांबरीला सगळ्यांत नीट आठवतं ते हेच, पुढं सरकणारं नख. आपण नियम वाचतोय का नख बघतोय हे तिला कळत नसे. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. बोललेच तर तुम्ही-आम्ही, आणि तेही विभक्तीबद्दल. नाव घेऊन हाक मारायचा प्रश्नच नव्हता. त्यानं कधी तिचं नाव घेतलं नाही आणि तिनंही त्याचं नाही. काही विचारायचं असलं की तो आधी थोडा खाकरे. तेवढं पुरे.

तो तिच्याहून सरस होता. हे तिला पहिल्या महिन्यातच समजलं होतं आणि ते समजणं अंगात काट्यासारखं नव्हतं, तापासारखं होतं. उतरे, पुन्हा चढे. ती पाठ करी, त्याला दिसे. श्लोक ऐकला की तो क्षणभर मान तिरकी करी, आणि मग म्हणे, “इथं कवीनं काहीतरी लपवलंय.” लपवलेलं असेच. अण्णांना सुद्धा कधी कधी ते त्याच्यानंतर दिसे, आणि तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर जो आनंद येई तो नीलांबरीनं आपल्या कुठल्याही उत्तरानं कधी आणलेला नव्हता. तिला हेवा वाटे. पण कुणाचा, हे धड ठरवता येत नसे. गोरक्षकडे अण्णा तसे बघतात याचा, का अण्णांना गोरक्षकडे तसं उघड बघता येतं याचा. शेजारणी आईला म्हणत, “पोरीच्या जातीला एवढं संस्कृत कशाला? आणि त्या कुणब्याच्या पोराला तरी कशाला?” आई म्हणे, “यांना विचारा.” अण्णांना कुणी विचारत नसे. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, किल्ल्यात देशाचे पुढारी डांबलेले होते आणि त्या बाजूला फिरकायला लोक भीत. पण अण्णांच्या ओट्यावर सकाळी उजाडलं की दोन आवाज सुरू होत, एक बारीक आणि एक जाड, आणि रस्त्यानं जाणारे दूधवाले मिनिटभर सायकल हळू करत.

परीक्षेचं वर्ष लागलं, थंडी गेली, आणि शिमग्याच्या आधी एका सकाळी गोरक्ष आला तो पुस्तकाशिवाय. ओट्यावर न बसता खालीच उभा राहिला. “गावाहून निरोप आलाय. धाकट्या बहिणीला, झुंबरला, देवी आल्यात. आई एकटी आहे, वडील उसाच्या गुऱ्हाळावर गेलेत. जाऊन येतो.” अण्णा म्हणाले, “परीक्षा तोंडावर आली आहे. तुला टोचलंय का?” गोरक्षनं हसून दंड चोळला. “टोचणारा आला होता म्हणतात लहानपणी.” “आला होता, पण टोचलं का?” “मास्तर, बहीण लहान आहे. सोमवारी येतो.” त्यानं नीलांबरीकडे पाहिलं, खाकरला, आणि मग काहीच बोलला नाही. ती तेव्हा कोशावर धूळ बसू नये म्हणून त्याला फडकं गुंडाळत होती. तिला वाटलं होतं, सोमवारी येतोच आहे. एवढ्याशा वाटण्याच्या आधारावर तिनं मान वर केली नाही. पुढं किती वेळा तिनं त्या सकाळीत परत जाऊन मान वर करून पाहिली असेल. पण मनातल्या मनात मान वर केली की समोर चेहरा दिसत नाही. दगडी रस्ता दिसतो, आणि त्यावरचं कोवळं ऊन.

सोमवार गेला. त्यानंतरचेही सोमवार गेले. अण्णांनी जामखेडच्या मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला. उत्तर आलं की नाही ते तिला समजलं नाही, तिनं विचारलं तर अण्णा म्हणाले, “बहीण बरी होतेय. तो थेट पेपरला येईल. तू तुझं वाच.” ते बोलताना अण्णा चष्मा पुसत होते. ते चष्मा पुसत तेव्हा खोटं बोलत, हे आईला माहीत होतं. आईनं त्या दिवशी नीलांबरीच्या ताटात तूप जास्त वाढलं. नीलांबरीला त्याचाही अर्थ लागला नाही. तिला हवा तो अर्थ ती लावून बसली होती.

संस्कृतच्या पेपरला तिच्यापुढचं, गोरक्षचं बाक रिकामं होतं. सुपरवायझरनं त्यावर उत्तरपत्रिका ठेवली. वाऱ्यानं ती उडू नये म्हणून तिच्यावर दौत ठेवली. मोठा वर्ग, खिडक्या उघड्या, बाहेर कडुनिंबाचा मोहर गळत होता आणि त्याचा कडवट वास आत भरला होता. नीलांबरीचा हात चालला होता. भाषांतर, रूपं, समास, सगळं आपोआप येत होतं, कुणीतरी दुसरीच बाई लिहितेय असं. मग अपठित श्लोक आला. एका नव्या राजाचं वर्णन होतं. त्याचे कर मृदू आहेत आणि त्यामुळे लोकांना आनंद झाला आहे. सोपा होता. इतका सोपा, की तिची मान आपोआप तिरकी झाली. इथं कवीनं काहीतरी लपवलंय. त्या सोप्या ओळींखाली काहीतरी हललं, पांघरुणाखाली मांजर हलावं तसं. ती ते धरणार एवढ्यात दारात पावलं वाजली. तिनं झटकन मान वळवली. पाण्याची घागर घेऊन शिपाई आला होता. तो आत येऊन, घागर ठेवून, परत गेला तोवर ती दाराकडे बघत होती, आणि तो गेल्यावरही थोडा वेळ. पुन्हा श्लोकाकडे वळली तेव्हा पांघरूण सपाट झालं होतं. राजा, कर, लोक. तिनं लिहिलं, राजानं कर हलके केले म्हणून प्रजा सुखी झाली. पुढं गेली. थोड्या वेळानं सुपरवायझर आला, पुढच्या बाकावरची दौत बाजूला केली आणि कोरी उत्तरपत्रिका घेऊन गेला.

संध्याकाळी घरी आली तेव्हा अण्णा ओट्यावर उभेच होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. “बस,” म्हणाले. “गोरक्षला देवी आल्या. बहीण उठली आणि हा पडला. मला कळलं होतं. तुला सांगितलं नाही.” “मग आता?” “जगला.” अण्णांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. “डोळ्यांत फुलं पडली. दोन्ही गेले.” आत आईनं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. नीलांबरीला पहिल्यांदा काय वाटलं? तिला वाटलं, म्हणजे तो कोश आता सरळ ठेवायचा. एवढा वेडा, एवढा कोरडा विचार. रडू नंतर आलं, आणि तेही न्हाणीत, पाण्याच्या आवाजात.

जूनमध्ये वर्तमानपत्रात निकाल आला आणि ‘ती’ शेवटी घरी आली. पोस्टमन, हेडमास्तर, गल्लीतली माणसं, शेजारणीसुद्धा, सगळी लोटली. अण्णांनी पेढे आणले, वाटले. स्वतः खाल्ला नाही, हे फक्त नीलांबरीनं पाहिलं. सगळी गेल्यावर अण्णा पुन्हा वर्तमानपत्र उघडून बसले. तिचं नाव, शाळेचं नाव, अहमदनगर. बोट ठेवून त्यांनी ते वाचलं, आणि मग कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, “ज्याची होती त्याला मिळाली असती तर...” “अहो,” आई कळवळून म्हणाली, “तिच्यासमोर तरी.” अण्णा दचकले. त्यांनी नीलांबरीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतकी ओशाळगत होती, की तिला त्यांचीच दया आली. “तसं नव्हे, नीला,” ते म्हणाले, “तू काही कमी नाहीस.” ती म्हणाली, “नाही अण्णा, खरंच त्याची होती.” आपल्या बापानं ओट्यावरची सगळी वर्षं दुसऱ्या कुणासाठी शिकवलं, आपण फक्त कोशाच्या सरळ बाजूला बसलेलो होतो. आणि तरी त्या बापाचा राग येत नाही, कारण आपणही रोज सकाळी ओट्यावर त्याच दुसऱ्या कुणासाठी जाऊन बसत होतो. असं दुःख कुणाला सांगता येतं? त्याला तर पेढे आणि हार येतात.

“बाई, वाचून झालं,” पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. नीलांबरी खिडकीपासून वळली. तिनं धडा घेतला. रूपं विचारली. एकीनं बाणाला बान म्हटलं आणि इतर मुलं हसली. नीलांबरीनं त्यांना गप्प केलं, पण त्या मुलीचा उच्चार सुधारला नाही. पुढं चल म्हणाली. शाळा सुटल्यावर ती मागच्या फाटकानं बाहेर पडली, म्हणजे हॉलवरून जावं लागू नये. कापड बाजारातून जाताना एका दुकानापुढं केकताडाच्या वाखापासून वळलेल्या दोरांची भेंडोळी लटकत होती आणि तिची नजर, नको नको म्हणत, त्यांच्यावर गेली. गोरक्ष दोर वळतो हे तिला ठाऊक होतं. अण्णांनी त्याला पुण्याच्या अंधशाळेत घालायचा प्रयत्न दोनदा केला. पहिल्यांदा त्याची आई नाही म्हणाली, दुसऱ्यांदा तो स्वतः. मास्तर, आता बोटांनी अक्षरं लावायची म्हणजे पुन्हा क पासून, त्यापेक्षा दोर बरा, असा निरोप त्यानं पाठवला होता. अण्णा गेल्याचं त्याला कळवलं होतं. गावातलं कुणी बाजाराला आलं की सांगे, ओट्यावर बसून वळतो, हात चांगला आहे, झुंबरचं लग्न ठरतंय, पोरं गणितं विचारायला येतात, त्यांना तोंडी सांगतो. संस्कृतचं काही बोलत नाही. यापलीकडे नीलांबरीनं कधी विचारलं नाही. ती त्याला पुन्हा भेटली नाही. भेटली ती एकदाच, निकालानंतर, आणि त्या एका भेटीत ती इतके दिवस राहत आली आहे, की घर दिल्ली दरवाजाच्या आत असलं तरी त्याला घर म्हणायला तिची जीभ अडखळते.

तेव्हा अण्णाच म्हणाले होते, “जाऊन यायला हवं.” जामखेडपर्यंत मोटार, तिथून पुढं बैलगाडी. पाऊस अजून पडला नव्हता, रान भाजलेलं होतं, आणि खर्ड्याचा किल्ला माळावर नुसता उभा होता, कुणी तरी विसरून गेल्यासारखा. गोरक्षचं घर गावाच्या कडेला, धाब्याचं. गोरक्षचे वडील, कारभारी, दारात आले, अण्णांचे पाय धरायला वाकले, आणि अण्णांनी त्यांना मधेच उचललं. दोघं बाहेर लिंबाखाली बाजेवर बसले. अण्णा आत यायला तयार झालेच नाहीत. “तू जा आधी,” म्हणाले, “मी येतो.” आले नाहीत. गोरक्षची आई, छबूबाई, उंच, काटक बाई, नीलांबरीचा हात धरून आत नेताना म्हणाली, “टोचनारा आला व्हता, पोरी. ह्यो चार वर्साचा. लई रडायला लागला, म्हनून म्याच दान्याच्या कनगीत लपवला. बापाला बी सांगितलं न्हाई. झुंबरच्या वक्ताला टोचनारा फिरकलाच न्हाई. पन ती वाचली. ह्यो बी वाचला म्हना.” हे ती अशी बोलली, की कितीतरी जणांना आधी सांगून झालेलं असावं, आणि आता शब्द गुळगुळीत होऊन नुसते खाली पडत असावेत.

तो भिंतीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर खोल व्रण, आणि डोळ्यांत दुधासारखं पांढरं. पण मान तशीच, किंचित तिरकी. “कोन हाय?” त्यानं विचारलं. मग तिच्या बांगड्या वाजल्या असतील, किंवा काय झालं असेल, तो एकदम सावरून बसला आणि त्याची भाषा बदलली. “कोण, तुम्ही? मास्तर आलेत? बसा. आये, चटई दे. अभिनंदन. इथंही बातमी आली.” ण अगदी स्वच्छ होता. ती बसली. मधे काही नव्हतं. कोश नव्हता, पान नव्हतं. तिला वाटलं, बोलायला शब्द सापडणार नाहीत, पण तोच म्हणाला, “पेपर आणलाय?” तिनं आणला होता. पिशवीत घालताना स्वतःलाच म्हणाली होती, कशाला, क्रूरपणा आहे. आणि तरी घातला होता. “वाचा,” तो म्हणाला.

तिनं वाचायला सुरुवात केली, आणि तो सोडवू लागला. भाषांतराचा उतारा तिनं एकदा वाचला की तो मराठीत सांगे, न अडखळता, उलट कुठे दोन शब्द सुचले तर त्यांतला कुठला बरा याचा विचार करत. रूपं. समास. छबूबाई चुलीपाशी बसून लेकाच्या तोंडाकडे बघत होती. तो काय म्हणतोय यातलं एक अक्षर तिला कळत नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू कसलातरी उजेड येत होता, कारण इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच असा बोलत होता. कपाळावर घाम आला होता त्याच्या. दोन्ही हात मांडीवर होते, आणि नीलांबरीनं पाहिलं की प्रत्येक प्रश्न संपला की त्याचा अंगठा जरासा उचलला जातो. मग श्लोक आला. तिनं तो वाचला, जरा भरभर, जसा काही महत्त्वाचा नाही. “पुन्हा वाचा,” तो म्हणाला. तिनं पुन्हा वाचला. त्यानं मान तिरकी केली, आणि मग हसला. अगदी मोकळं, जुनं हसू त्या व्रणांतून वर आलं. “लपवलंय. राजा म्हणजे चंद्रही. आणि कर म्हणजे किरण. नवा राजा आला, त्यानं कर हलके केले. आणि चंद्र उगवला, त्याचे किरण मऊ आहेत. एका ओळीत दोन्ही. बघा, नव्या राजाला आणि चंद्राला एकाच वेळी नमस्कार केलाय बेट्यानं.” आणि क्षणभरानं म्हणाला, “तुम्ही दोन्ही अर्थ लिहिलेत ना?”

चुलीत काटकी तडकली. बाहेर लिंबाखाली अण्णांचा खोकला ऐकू आला. राजा, कर, लोक. दारात वाजलेली पावलं, घागर, शिपाई. दाराकडे वळलेली आपली मान. हे सगळं सांगितलं तर त्याला काय काय सांगावं लागेल, हे तिला एकदम दिसलं. श्लोक का निसटला ते. आपण कुणाची वाट बघत होतो ते. आणि आपला पहिला नंबर आला तो कशामुळे.

“लिहिले,” ती म्हणाली.

“दोन्ही?”

“दोन्ही.”

त्यानं श्वास सोडला, मागं भिंतीला टेकला. “मग बरं झालं,” तो म्हणाला. “माझ्या मनात उगाच येत होतं. मग ती बरोबर जागी गेली.” आणि दोन्ही हात त्यानं मांडीवरून उचलून बाजूला ठेवले. काम संपल्यावर माणूस ठेवतो तसे.

छबूबाईनं गूळपाणी दिलं. नीलांबरीनं पेपराची घडी घातली आणि घडी घालताना कागदावर थेंब पडत होते, ते तिला पुसता येत नव्हते, कारण पुसायचं म्हणजे आवाज होणार. ती उठली. “येते,” एवढं ती म्हणू शकली, आणि तो शब्द नीट निघाला. तो म्हणाला, “मास्तरांना नमस्कार सांगा. आत आले नाहीत ते. मला समजतं.” ती अनवाणीच उंबऱ्याबाहेर आली आणि पुढं पाऊल उचलेना. दाराच्या चौकटीला धरून, तोंडात पदर कोंबून, ती उभी राहिली. आत तो मान बाहेरच्या बाजूला करून ऐकत होता. बाहेर कारभारींनी बैल जुंपायला घेतले, त्यांच्या घुंगरांचा आवाज झाला आणि त्यात सगळं बुडालं. गाडी निघाली असं त्याला वाटलं असावं.

“आये,” तो हळूच म्हणाला, आता पुन्हा आपल्या बोलीत, “नीलांबरी गेली का?”

त्या घरात, त्याच्या तोंडून, पहिल्यांदा. नीलांबरीनं चौकट घट्ट धरली. छबूबाईनं वर पाहिलं. दारातल्या पोरीकडे, तिच्या तोंडातल्या पदराकडे, गालांवरून वाहणाऱ्या पाण्याकडे ती बाई बराच वेळ बघत राहिली.

“गेली.”

“रडत व्हती का गं?”

“न्हाई रं लेका,” छबूबाई म्हणाली. तिची नजर नीलांबरीवरून हलली नव्हती. “हासत गेली. चांगली हासत गेली.”